घरटी एक उकिरडा

सेनगावकडच्या गोरेगावच्या बाजारात आधी माझा फोनचा डबा होता. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक पंखा आणि लाल आकड्यांचं मीटर. नव्वदच्या दशकात आसपासच्या दहा गावांचा राग माझ्या त्या काचेच्या दारामागून बाहेर जात असे. जावयावर, खताच्या दुकानदारावर, बदली अडवून बसलेल्या साहेबावर लोक ओरडत, पण मीटरवर डोळा ठेवून ओरडत. त्यामुळे राग आटोपशीर असे. आकडा पळायला लागला की शिवी अर्धवट सोडून फोन ठेवणारी भली भली माणसं मी पाहिली आहेत.

मग मोबाइल आले आणि माझा डबा बसला. मी पंख्याखाली एक संगणक ठेवला, शेजारी प्रिंटर ठेवला आणि अर्ज टाइप करून देणं, झेरॉक्स, परीक्षेचे निकाल काढून देणं सुरू केलं. इंटरनेटही घेतलं. ते आमच्याकडच्या विजेच्या वळणावर गेलेलं होतं, आलं तर आलं. पण त्यावर बसल्यावर मला एक गोष्ट लगेच कळली. रागाचं मीटर कुणीतरी काढून टाकलेलं होतं.

माझं घर गोरेगावात नाही. फाट्यापासून आत चार किलोमीटरवर आमचं गाव, तिथून मी रोज जीपने दुकानावर येते. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरायला कधी नऊ वाजतात, कधी दहा. दुकानाला ते चालतं, कॉलेजला चालत नाही. कॉलेजच्या पोरींसाठी सकाळी पावणेसातला बस होती. गावात यायची, वळायची आणि सेनगावला जायची. त्या वर्षी श्रावण लागताच ती बंद झाली. फाट्यापर्यंत येऊन तिथूनच परत जायला लागली.

माझ्या शेजाऱ्याची पोरगी तेव्हा अकरावीला होती. तांड्यावरच्या आणखी दोघी तिच्यासोबत जात. चार किलोमीटर चिखल तुडवून फाटा गाठायचा, तोही पावणेसातच्या आत. तांड्यावरच्या दोघींनी पंधरा दिवसांत कॉलेज सोडलं. शेजारी मात्र पोरीला सायकलवर बसवून रोज फाट्यावर सोडून यायचा. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. एक दिवस त्याने मला सरळ सांगून टाकलं.

"वैनी, दिवाळीपस्तोर मी नेतो. मंग हरभऱ्याला पानी द्यायचं राहते, अन् आमच्या मोटरीची लाइन सकाळचीच येते. दिवाळीपस्तोर गाडी आली तर बराबर, न्हाई तर पोरगी घरी."

पोरगी तिथेच भांडी घासत होती. ती भांडी आणखी जोरात घासायला लागली.

पोळ्याला गावातला एक पोरगा पुण्याहून आला. तिकडे कंपनीत होता. त्याच्याकडे चाकांची बॅग होती. बस फाट्यावरच थांबली, जीप गेलेली होती, तेव्हा त्याने ती बॅग चार किलोमीटर काळ्या मातीतून ओढत आणली. घरी पोचला तेव्हा बॅगेला एकच चाक होतं. पुरणपोळी खाऊन तो पुण्याला परतला आणि त्याने लिहिलं.

त्या काळी पोरांचं एक ठिकाण होतं इंटरनेटवर, तिथे गावाच्या नावाने गट असत. आमच्याही गावाचा होता. गावातलं कुणी त्यात नव्हतं, गाव सोडून गेलेलेच सगळे होते. त्याने चाकाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्याने लिहिलं की आमच्या लेकींच्या शिक्षणाची हत्या होत आहे. खाली फाट्याचा फोटो टाकला. मग जे सुरू झालं ते थांबेना. मराठवाड्याने आणखी किती सोसायचं, असं एकाने विचारलं. मस्कतमध्ये वायरमन असलेल्या एकाने व्यवस्थेचा धिक्कार केला. पुण्याच्या पोराने स्वतःच्याच लिखाणाखाली लिहिलं की रक्ताचा शेवटचा थेंब सांडेपर्यंत लढू. दोघांचं जुन्या निवडणुकीवरून भांडण लागलं आणि ते तीन दिवस चाललं. मधूनच कुणीतरी गुलाबाचं चित्र टाकून शुभ सकाळ म्हणून गेलं.

मग पुण्याहून मला फोन आला. उद्या फाट्यावर पुतळा जाळायचं सगळ्यांचं ठरलं आहे, असं पोराने सांगितलं. सगळे म्हणजे पुण्यातले नऊ आणि मस्कतचा एक. मी विचारलं, पुतळा कुणाचा? ते विचारून सांगतो म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्यांच्यात तीन मतं पडली. तोवर मी कडब्याचं बघावं म्हणून त्याच्याच बापाकडे गेले, कारण गावात चांगला कडबा त्यांच्याकडे होता. पुतळा भरायला चार पेंढ्या द्या म्हटलं, तर त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, मग बैलांनी काय खायचं? पुतळ्याचा विषय तिथे संपला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. आता असं ठरलं होतं की लोकांचा जो राग इंटरनेटवर आहे तो सगळा छापून मी एसटीच्या डेपोत नेऊन द्यावा. ऑनलाइन राग नुसता पाहून साहेब हलत नाही, कागद लागतो, एवढं त्यांना कळलं होतं, ही मला प्रगतीच वाटली. मी छापायला घेतलं. बाराव्या पानाला लाइन गेली. दुसऱ्या दिवशी पुढची आठ निघाली. राग बेचाळीस पानांचा होता आणि गुलाब त्यात धरलेले नव्हते, ते मी शाई वाचवायला गाळले.

शेजाऱ्याच्या पोरीला सोबत घेऊन मी डेपोत गेले. गाड्यांचं वेळापत्रक पाहणारे एक साहेब होते, वयस्कर, चष्म्याला दोरी. मला वाटलं शिक्का मारतील आणि ढिगावर टाकतील. त्यांनी बेचाळीस पानं वाचली. खरोखर वाचली, ओळीवर बोट ठेवून. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. रक्ताच्या थेंबापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे गृहस्थ कुठं राहतात?"

"पुण्यात."

"आणि हे?"

"मस्कतला."

त्यांनी चष्मा काढला. "या गाडीनं जाणारं यात कुणी आहे का, बाई?"

मी पोरीला पुढे केलं. म्हटलं, ही आहे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं, आणि विचारलं, "हिचं पान कुठलं?"

तिचं पान नव्हतं. बेचाळीस पानांत तिच्या शिक्षणाची निदान तीस वेळा हत्या झाली होती, पण तिला विचारायला कुणी आलं नव्हतं. मीही नाही.

साहेबांनी कपाटातून एक वही काढली. त्यात चालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला अहवाल होता. तो त्यांनी आम्हाला वाचून दाखवला. गावात गाडी वळवण्याच्या जागेवर सहा उकिरडे असून ते दरसाल वाढत आहेत. त्यामुळे गाडी पाच-सहा वेळा मागेपुढे करावी लागते. अमुक दिवशी पावसात कडुलिंबाखालच्या उकिरड्यात मागचे चाक रुतले. प्रवाशांनी उतरून ढकलले. चाक फिरताच ढकलणारे प्रवासी शेणाने भरले. प्रवाशांनी चालकास शिव्या दिल्या. उकिरडे हलेपर्यंत गाडी फाट्यावरून वळवावी ही विनंती.

वाचून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तुमचं घर गावात कुठं?"

मी खोटं बोलत नाही, त्याने पुढे फार लक्षात ठेवावं लागतं. म्हटलं, कडुलिंबाजवळ.

त्यांनी वही माझ्याकडे फिरवून ठेवली, एवढंच. मग म्हणाले की गाडी बंद केलेलीच नाही, गावात वळायला जागा नाही म्हणून फाट्यावर वळते आहे. जागा करा, आठ दिवसांत गावात पाठवतो.

परतताना पोरगी जीपमध्ये हसत होती. तोंडावर ओढणी धरून हसत होती, पण खांदे हलत होते. कडुलिंबाखालचा उकिरडा आमचाच. मी रोज त्याच उकिरड्याला टेकून जीपची वाट पाहत असे. उकिरडा एका टोपल्याने वाढतो. शेणाचं एक टोपलं रोज पडतं आणि जागा रोज एक वीत कमी होते. एक वीत कुणालाच दिसत नाही. बस काही टोपल्याटोपल्याने लहान होत नाही.

दुकानात बसून मी यादी केली. सहा उकिरडे, सहा घरं. त्यातल्या पाच घरांतला एकेक पोरगा त्या बेचाळीस पानांत होता. सहावं घर माझं. सगळ्यात मोठा उकिरडा रक्ताच्या थेंबवाल्याच्या घरचा होता. मी शिवणाची कात्री काढली आणि पानं कापली. ज्याचा राग त्याच्या घरच्या गठ्ठ्यात. मस्कतवाल्याचे चार कागद झाले, पुण्यावाल्याचे अकरा.

माझी एक चूक इथे सांगून टाकते. मला वाटलं, आपला उकिरडा आधी हलवला की बाकीचे मुकाट हलवतील. पिकं उभी होती, खत शेतात टाकता येत नव्हतं, म्हणून मी दोन बैलगाड्या लावून सगळं आमच्या गोठ्यामागे नेऊन टाकलं. जागा स्वच्छ झाडून घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक मोडकी बैलगाडी उभी होती आणि तिच्यावर कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. शेजारचा उकिरडाही जरा पाय पसरून बसला होता. बैलगाडी कुणाची म्हणून विचारलं तर मालक शांतपणे म्हणाला, जागा रिकामी दिसली.

तेव्हा मला कळलं की आमच्या गावात कुणीच उकिरड्याला चिकटलेलं नव्हतं. सगळे जागेला चिकटलेले होते. आपण हलवला तर दुसरा पसरेल, ही एकच भीती सहाही घरांत होती. म्हणजे हलायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी, एकमेकांच्या डोळ्यांसमोर.

त्यासाठी गावात आधीपासून एक रीत होती. कुणाकडे मयत झाली, लग्नाचा मांडव घालायचा असला, ओढ्यातला गाळ काढायचा असला की हाळी द्यायची, घरटी एक माणूस. म्हातारं आलं तरी चालतं, बाई आली तरी चालते, पण घरातून एक यायलाच हवं. न येणाऱ्याचं घर सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि त्याच्याकडच्या मयतीला मग खांदेकरी कमी पडतात. आमच्याकडे पोलिसांपेक्षा लोक याला जास्त भितात. मी ठरवलं, हाळी सगळ्या गावाला द्यायची, पण ज्याचा पोरगा इंटरनेटवर चिडला त्याच्या घरून एक माणूस आधी पक्का करायचा. राग घरचाच, माणूसही घरचाच.

कात्रणं घेऊन मी पहिल्यांदा पुण्यावाल्याच्या आईकडे गेले. नात्याने मी तिला मामी म्हणते. वाचता येत नाही म्हणाली, तर मी अकराही कागद वाचून दाखवले. रक्ताच्या थेंबाला तिच्या हातातलं निवडायचं सूपच खाली आलं.

"रगत काहून सांडून राहिला थो? जेवतो का न्हाई तिकडं?"

"जेवतो, मामी. रक्त राहू द्या. मला एक माणूस पाहिजे अन् एक टोपलं."

तिने पुन्हा एकदा ते वाक्य वाचायला लावलं. लेकराने एवढं मनावर घेतलंय तर उकिरडा काय चीज आहे, असं ती म्हणाली. मात्र सोयाबीन निघाल्याशिवाय खत टाकायचं कुठं, हा तिचा प्रश्न बरोबर होता. बाकीच्या चार घरांतही तोच प्रश्न निघाला. मस्कतवाल्याच्या बापाने तर आणखी एक विचारलं. पोरगा तिथून फोन करतो तेव्हा एवढं सगळं कधी बोलत नाही, दोन मिनिटांत ठेवतो, मग इथे चार कागद बोलायला त्याला वेळ कुठून मिळतो? मी म्हटलं, इथे मीटर नाही. त्याने मान हलवली आणि ते कागद घडी करून पेटीत ठेवले. पोराचं पत्र आल्यावर ठेवतात तसे.

सोयाबीन दसऱ्याला निघालं, मळणी झाली, शेतं मोकळी झाली. दिवाळीला बारा दिवस होते. शेजारी सायकलच्या साखळीला तेल घालून ठेवत होता, पण पोरीसाठी नवं दप्तर घेत नव्हता. दिवस ठरवून मी पुण्याला फोन केला आणि सुट्टी काढून ये म्हटलं. सुट्टी मिळत नाही म्हणाला, पण त्याने दिवस आणि वेळ गटावर टाकली. दुसऱ्या दिवशी फार उत्साहात सांगायला लागला.

"काकू, दोनशे जण येणार म्हणून कळवलंय. तुमी जेवणाचं बघा."

मी पंचेचाळीस माणसांचं वरण आणि बट्ट्या करायचं ठरवलं. गावाची घरं चाळीस, घरटी एकाचं, वर पाच.

त्या दिवशी सकाळी हाळी दिली. मामी स्वतः आली, पदर खोचून. मस्कतवाल्याचा बाप आला. बैलगाडीवाला आला आणि त्याने आधी आपली गाडी ओढून बाजूला केली. सात बैलगाड्या होत्या आणि एक ट्रॅक्टर. जुन्या उकिरड्यांच्या तळाशी जे सापडलं ते सांगून कुणाला खरं वाटणार नाही. एक पितळी तांब्या निघाला, त्याच्यावरून दोन जावांचं आठ वर्षं बोलणं बंद होतं. त्या दोघी तांब्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग पुन्हा भांडल्या, पण आता बोलून.

दहाच्या सुमारास एक अनोळखी माणूस मोटरसायकलवरून आला. कळमनुरीकडचा होता. पांढरा शर्ट, हातात फलक. फलकावर लाल अक्षरात लेकींना न्याय द्या असं होतं. इंटरनेटवर वाचून आलो, धरणं कुठं आहे, असं त्याने विचारलं. मामीने त्याच्या हातातला फलक घेतला, लिंबाला टेकवला आणि टोपलं दिलं.

"धरा हे. तिकडली बाजू तुमची."

तो एकदा फलकाकडे, एकदा टोपल्याकडे पाहत राहिला. मग बाह्या वर केल्या. दुपारपर्यंत त्याने खेपा घातल्या, आमच्या पोरांपेक्षा बऱ्या. चार बट्ट्या खाल्ल्या, हात धुतले, नमस्कार केला आणि गेला. नाव विचारायचं राहिलं. फलक विसरला. दोनशेतला तो एकटा आला होता, आणि त्याचं आमच्या गावात कुणीही नव्हतं.

संध्याकाळी जागा मोकळी झाली. इतकी मोठी जागा तिथे आहे हे म्हाताऱ्यांनाच आठवत होतं. कडेने आम्ही दगड मांडले, दगडाच्या आत काही टाकायचं नाही. मी अर्ज घेऊन पुन्हा डेपोत गेले. साहेबांनी या वेळी एकच पान पाहिलं, कारण एकच होतं, आणि त्यावर पोरीची सही होती. आठ दिवस म्हणाले होते, सहाव्या दिवशी गाडी पाठवली. दिवाळीला दोन दिवस बाकी होते.

पावणेसातला गाडी गावात शिरली तेव्हा गाव लोटलं होतं. नारळ, हार, हळदकुंकू, पिपाणी, सगळं होतं. आणि हे सगळं नेमकं वळायच्या जागेवर उभं होतं. चालकाने हॉर्न वाजवला तसे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्याने पुन्हा वाजवला, लोकांना वाटलं तोही आनंदात आहे. गाडी उभी, वळायला जागा नाही. खिडकीतून त्याने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. अहवाल लिहिणारा तो हाच, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. सात वाजत आले होते आणि पोरगी दप्तर पोटाशी धरून गर्दीबाहेर उभी होती.

शेवटी तिचा बाप पुढे झाला. एरवी चार लोकांत न बोलणारा माणूस. त्याने सायकल आडवी धरली आणि गुरं हाकतात तसं सगळ्यांना हाकत दगडांच्या बाहेर नेलं. सरपंचालाही. गाडी एका दमात वळली. पोरगी चढली, तिच्या मागे तांड्यावरची एक चढली. दुसरीचं तोवर लग्न ठरलं होतं.

गटावर विजयाची बातमी माझ्या आधी पोचलेली होती. हार घातलेल्या गाडीचा फोटो होता आणि वर लिहिलं होतं, अखेर प्रशासन झुकले. पुण्याच्या पोराने सगळ्यांचे आभार मानले होते आणि आपल्या एकजुटीपुढे काहीही अशक्य नाही असं म्हटलं होतं. शेणाचा उल्लेख कुठेच नव्हता. दिवाळीला तो आला, गावात उतरला, चाकांची नवी बॅग दगडांच्या आतून ओढत घरी गेला. मामीने त्याच्याकडून पहिल्याच दिवशी शेतात उरलेलं खत पांगवून घेतलं.

दिवाळीनंतर शेजारी मोटर चालू करायला जायचा, पण जाण्याआधी पावणेसातला सायकल घेऊन वळणावर उभा राहायचा. दगडाच्या आत एक टोपलं दिसलं तरी उचलून ज्याच्या त्याच्या दारात ठेवायचा. त्याच्याशी गावात बरेच जण बोलेनासे झाले.

पोरगी एकदा कॉलेज सुटल्यावर दुकानात आली. गटावरचं सगळं वाचलं. आपल्याला लिहिता येईल का विचारलं. मी खुर्ची दिली. म्हटलं, लाइन जायच्या आत लिही. तिने बराच वेळ विचार केला आणि एक ओळ लिहिली, की गाडी सकाळी पावणेसातला येते, वळायच्या जागेवर कुणी काही ठेवू नये, आपापल्या घरी कळवा.

संध्याकाळी मी पाहिलं तर तिच्या ओळीखाली कुणीतरी गुलाब टाकला होता.